सतराव्या आठवड्यानंतरची सर्दी

डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, आधी नुसतं हुळहुळत होतं. कपड्याचा स्पर्शही नको वाटायचा. दोन रात्री मी कूस बदलून काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत एक लाल पट्टा उठलेला, आणि त्यावर मोहरीएवढाले पाण्याचे फोड. पोटाच्या मध्यावर येऊन तो पट्टा थांबला होता. तिथे कुणी रेघ मारून ठेवली असावी, इतका नेमका. उजव्या बाजूला एक फोड नव्हता.

डॉक्टरांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "नागीण आहे." फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून त्यांनी लगेच औषध लिहून दिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मला वाटलं, कुणाला माझ्यामुळे लागण होईल का, म्हणून विचारताहेत. "कुणीच नाही. मी एकटी असते."

"कधीपासून?"

"वर्ष होईल आता."

"झोप?"

"दोन-अडीच वाजतात."

"आणि लोकांत मिसळणं? कुणी येतं-जातं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. भाषांतराचं काम घरूनच चालतं. मजकूर मेलवर येतो, मेलवर जातो. पैसे खात्यात जमा होतात. सामान दारात ठेवलं जातं. शेवटचं माणूस माझ्या घरात येऊन बसलं, ते कधी? मी मनातल्या मनात महिने मोजत होते, तेवढ्यात डॉक्टरच म्हणाल्या, "पहारेकरी जरा सैल पडलेत तुमचे. जपा."

पहारेकरी सैल पडलेत. हे वाक्य घेऊन मी घरी आले, आणि दुखण्याने झोप येत नव्हती त्या रात्री त्याच वाक्यामागे वाचत सुटले. वाचता वाचता मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले. मॉस्कोतल्या एका बिनखिडकीच्या, कधीच न उडालेल्या यानात.

नागिणीबद्दल एवढंच सांगायला हवं की ती बाहेरून येत नाही. मी सात वर्षांची असताना मला कांजिण्या आल्या होत्या. फोड सुकले, खपल्या पडल्या, मी शाळेत जायला लागले. विषाणू मात्र गेला नाही. तो मज्जातंतूंवरून मागे सरकत कण्याजवळच्या गाठींमध्ये जाऊन बसला. तिथे तो वर्षानुवर्षं गप्प असतो, कारण टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर नजर ठेवून असतात. नजर ढळली की त्यातल्या एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि आपल्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. त्या मज्जातंतूची हद्द जिथे संपते तिथे फोडही संपतात. माझ्या पोटावरची ती रेघ म्हणजे ही हद्द होती. एवढी वर्षं माझ्याच कण्याशी कुणी तरी बसून होतं आणि माझ्याच रक्तातलं कुणी तरी त्याला बसवून ठेवत होतं, हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

आता ते यान.

३ जून २०१० रोजी मॉस्कोतल्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल प्रॉब्लेम्स या संस्थेत सहा पुरुष एका दारातून आत गेले आणि दार बंद झालं. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक चिनी. आत एकमेकांना जोडलेले दंडगोल कक्ष होते, सगळं मिळून ५५० घनमीटर. भिंतींना लाकडी फळ्या होत्या, बिछाने होते, व्यायामाची साधनं होती, खिडकी नव्हती. मंगळावर जाऊन परत यायला जितका काळ लागेल साधारण तितका काळ त्यांनी तिथे राहायचं होतं. बाहेरच्यांशी बोलताना मुद्दाम विलंब ठेवला होता, कारण खऱ्या प्रवासात आवाज पोचायलाही मिनिटं लागतील. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी 'मंगळावर' पाऊलही टाकलं. म्हणजे शेजारच्याच एका कक्षात, वाळूवर, अंतराळवीरांचा पोशाख घालून. ४ नोव्हेंबर २०११ ला दार उघडलं. ५२० दिवस झाले होते. यान जागचं तसूभरही हललं नव्हतं.

पहिल्यांदा वाचताना हे सगळं नाटकासारखं वाटतं. पण या प्रयोगाचं मोल याच न हलण्यात आहे. खऱ्या अंतराळात माणसाच्या शरीराचे एकाच वेळी अनेक बाजूंनी हाल होतात. वजनच नसतं, किरणोत्सर्ग असतो, उड्डाणाचे हादरे असतात, जिवाची धास्ती असते. तिथून परतलेल्या माणसाच्या रक्तात काही बिघडलेलं दिसलं तर बोट कशाकडे दाखवायचं? मॉस्कोच्या त्या दालनात गुरुत्वाकर्षण जसंच्या तसं होतं. किरणोत्सर्ग नव्हता. दाराच्या पलीकडे डॉक्टर होते आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की खरोखर जिवावर बेतलं तर दार उघडता येतं. एकेक कारण काढून टाकल्यावर उरलं ते फक्त कोंडून राहणं. तेच ते सहा चेहरे, तोच दिवा, तीच हवा, आणि लांबलचक काळ.

ठरावीक दिवशी या सहाजणांच्या सकाळच्या लाळेचे आणि रक्ताचे नमुने घेतले जायचे. लाळेत कॉर्टिसॉल मोजायचं. हे ताणाचं संप्रेरक, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून येणारं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायचे. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत विलक्षण वाटली. रक्ताचा थोडा भाग नळीत घेऊन त्याला विषाणूचा हल्ला झाल्याचा भास करून द्यायचा आणि पेशी काय करतात ते बघायचं. दाहाचे संदेश देणारी जी रसायनं पेशी सोडतात, ती किती सोडतात, ते मोजायचं. माणूस आत आपल्या बिछान्यावर झोपलेला, आणि त्याचं चमचाभर रक्त नळीत एका खोट्या शत्रूशी लढतंय.

या मोजमापांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. माझ्या डॉक्टरांच्या वाक्यावरून मी ज्याची अपेक्षा करत होते, ते तिथे नव्हतं. कॉर्टिसॉल वाढलेलं होतं, हे समजण्यासारखं. पण पांढऱ्या पेशींमधल्या लिंफोसाइट्स कमी झालेल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. आणि नळीतल्या त्या खोट्या हल्ल्याला पेशींनी दिलेलं उत्तर दुबळं नव्हतं. ते नेहमीपेक्षा जोराचं होतं. संशोधकांनी त्याचं वर्णन नीट आवर नसलेला प्रतिसाद असं केलं आहे.

आपण 'प्रतिकारशक्ती' हा शब्द पाण्याच्या टाकीसारखा वापरतो. कमी झाली, वाढवायला हवी, भरून काढा. मीही आयुष्यभर तसाच वापरला. भाषांतरात कितीदा तरी लिहिलाय. पण त्या सहाजणांच्या रक्तात टाकीची पातळी खाली गेली नव्हती. झालं होतं ते वेगळंच. पहारेकरी झोपले नव्हते. त्यांची झोप उडाली होती. पान हललं तरी भाला उचलणारे, रात्रभर टक्क डोळ्यांनी बसलेले आणि म्हणून खरा चोर कुठला हे ओळखण्याची नजर गमावत चाललेले पहारेकरी. इथे मी अभ्यासातल्या शब्दांच्या पुढे जातेय, हे मला माहीत आहे. पण 'शक्ती' पेक्षा 'भान' हा शब्द मला या यंत्रणेसाठी जास्त खरा वाटायला लागला आहे. किती मारायचं यापेक्षा कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं आणि कधी थांबायचं, यातच तिचं सगळं कौशल्य आहे.

कॉर्टिसॉलचं काम खरं तर दाह आवरायचं. ते वाढलं असेल तर दाह शांत व्हायला हवा. मग उलटं कसं? ताण थोड्या वेळाचा असतो तेव्हा तसं होतंही. पण महिनोन्महिने तोच निरोप येत राहिला की पेशी तो ऐकेनाशा होतात. रोज ओरडणाऱ्या माणसाचा आवाज जसा घराला ऐकू येईनासा होतो, तसंच. कॉर्टिसॉल 'थांबा' म्हणत राहतं आणि दाह चालूच राहतो.

अर्थात माणसं सहाच होती. सहाही पुरुष, सगळे निवडून घेतलेले, धडधाकट. आणि त्यांच्या जेवणातल्या मिठावरही त्याच काळात दुसरा एक अभ्यास चालू होता. दिवसाला १२ ग्रॅमवरून मीठ टप्प्याटप्प्याने ९ आणि मग ६ ग्रॅमवर आणलं गेलं, आणि नुसत्या मिठाच्या प्रमाणाबरोबरही मोनोसाइट नावाच्या पेशींची संख्या खालीवर झालेली दिसली. म्हणजे त्या बंद डब्यातही कारणांचे धागे एकमेकांत गुंतलेलेच होते. झोपेचंही तसंच. मोहीम पुढे सरकत गेली तसतशी सहाजणांची हालचाल मंदावत गेली. झोपण्या-पडण्याचा वेळ वाढत गेला, आणि बहुतेकांची झोप किंवा तिची वेळ कुठे ना कुठे बिघडली. दिवस उजाडल्याचं सांगायला सूर्यच नव्हता. त्यामुळे एकटेपणामुळे अमुक टक्के आणि झोपेमुळे तमुक टक्के असं कुणी सांगायला लागलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. माझ्या अडीच वाजताच्या झोपेला आणि रिकाम्या घराला मी तरी कुठे वेगळं करू शकते?

पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. ते सहाजण होते. एकटे नव्हतेच. एकत्र जेवत होते, एकमेकांशी बोलत होते, सणवार करत होते. मग शरीराने तो काळ कोंडीसारखा का वाचला?

याचं उत्तर शोधताना अंटार्क्टिकाचं एक जुनं टिपण हाती लागलं, आणि मग दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

१९६९ साल. अ‍ॅडलेड बेटावरचं ब्रिटिश ठाणं. हिवाळ्यासाठी मागे राहिलेली बारा माणसं. जहाज गेलेलं, समुद्र गोठलेला, बाहेरून कुणी येण्याची शक्यता शून्य. असे सतरा आठवडे गेले. सर्दीचा विषाणू अंगात शिरल्यावर दोन-तीन दिवसांत लक्षणं दिसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तो निघूनही जातो. म्हणजे सतरा आठवड्यांनी त्या बाराजणांमध्ये सर्दीचा मागमूसही असायला नको. एकाकडून दुसऱ्याकडे जायचं ते सगळं केव्हाच जाऊन संपलेलं असायला हवं. तरीही एक दिवस एकाचं नाक वाहायला लागलं. मग दुसऱ्याचं. एकामागून एक सहाजणांना रीतसर सर्दी झाली.

ती आली कुठून? नमुने घेतले, तपासले. काहीच सापडलं नाही. कुणाच्या तरी अंगात विषाणू चार महिने गुपचूप टिकून राहिला असेल, कुणा एकाच्या पहाऱ्यात काही तरी सैल झालं असेल, की एखाद्या वस्तूवर तो तग धरून असेल? १९७३ साली हा वृत्तांत छापून आला तेव्हाही प्रश्न प्रश्नच राहिला. मला त्या पहिल्या माणसाचा विचार येतो. चार महिने बाहेरचा श्वासही ज्याच्यापर्यंत पोचलेला नाही, त्याने सकाळी उठून शिंक दिली असेल तेव्हा बाकीच्या अकराजणांनी कसं वळून पाहिलं असेल.

त्या वृत्तांताच्या लेखकांत एक नाव आहे डेव्हिड टायरेल. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीजवळ १९४६ पासून सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं, कॉमन कोल्ड युनिट. टायरेल त्याचे प्रमुख. माणसांमधले पहिले कोरोना विषाणू शोधणाऱ्यांमध्येही तेच होते. तिथे स्वयंसेवक यायचे, आठ-दहा दिवस इतरांपासून वेगळे राहायचे, त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब टाकले जायचे, आणि कुणाला सर्दी होते, कुणाला नाही, ते पाहिलं जायचं. थेंब सगळ्यांना सारखे, पण आजारी सगळेच पडत नसत. हे असं का, यावर शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञाबरोबर टायरेल यांनी काम केलं. ३९४ निरोगी माणसं, पाच प्रकारचे विषाणू, आणि सुरुवातीलाच प्रत्येकाच्या मनावरच्या ताणाची मोजणी. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. ताण जितका जास्त, तितकी सर्दी होण्याची शक्यता जास्त. मधे कुठे पायरी नव्हती, सरळ चढण होती.

पुढे १९९७ मध्ये कोहेन यांनी जे छापलं, त्यावर मी किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. या वेळी २७६ माणसं होती. प्रत्येकाला विचारलं की तुमची नाती किती प्रकारची आहेत. जोडीदार, आईवडील, मुलं, मित्र, शेजारी, कामावरचे सहकारी, एखाद्या मंडळातले सोबती. दोन आठवड्यांत ज्याच्याशी निदान एकदा तरी बोलणं होतं, असं नातं धरायचं. मग सगळ्यांना वेगळं ठेवून नाकात तेच थेंब. सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या तुलनेत एक ते तीन प्रकारचीच नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका चारपटींहून जास्त निघाला.

वास्तविक उलटं व्हायला हवं, असं आपल्याला वाटतं. चार ठिकाणी वावरणारा माणूस चार ठिकाणचे जंतू गोळा करणार. एकटा माणूस सुरक्षित. मीही हेच धरून चालले होते. त्या वर्षभरात मला एकदाही सर्दी झाली नव्हती, आणि त्याचं मला समाधान वाटायचं. आता कळतं, सर्दी न होण्याचं कारण एवढंच होतं की ती घेऊन माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. आणि जो विषाणू आधीच आत होता, तो मात्र उठून बाहेर आला.

सहाजण असूनही शरीर कोंडी का मानतं, याचा एक धागा मला इथे सापडला. सर्दीच्या त्या अभ्यासात माणसांची नुसती डोकी मोजलेली नव्हती. नात्यांचे प्रकार मोजले होते. आपण एकाच दिवसात कुणाची तरी मुलगी असतो, कुणाची शेजारीण, कुणाची सहकारी, बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईसाठी नुसतीच 'अहो'. प्रत्येक वेळी आपण थोडे वेगळे होतो. त्या यानात सहा माणसं होती, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच भूमिका होती, आणि ती ५२० दिवस उतरवता येत नव्हती. घरचे बाहेर होते, पण निरोपांच्याच रूपात, तेही उशिरा पोचणाऱ्या. हे माझं अनुमान आहे. कुणी नळीत तपासून दाखवलेलं नाही. पण वर्षभर मी फक्त 'भाषांतरकार' होते, आणि त्या एकाच भूमिकेत राहून माणूस कसा पातळ होत जातो हे मी आतून पाहिलेलं आहे.

२००७ साली संशोधक स्टीव्ह कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाकी माणसांच्या पांढऱ्या पेशींमधली जनुकं तपासली. चौदाच माणसं होती, पण २०९ जनुकांच्या कामात फरक दिसला. दाहाशी संबंधित जनुकं जास्त जोरात चाललेली, आणि विषाणूंशी लढणारी, इंटरफेरॉन नावाच्या रसायनांची बाजू मंदावलेली. एक हात उगाच उगारलेला आणि दुसरा खाली पडलेला. हे वाचलं तेव्हा मॉस्को आणि माझी नागीण माझ्या मनात पहिल्यांदा एकत्र आले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक ठाण्यांवर हिवाळा काढणाऱ्यांच्या प्रतिकाराची त्वचेवर चाचणी केली, तेव्हा प्रतिसाद मंद आला होता आणि एपस्टाइन-बार हा अंगात दडून राहणारा विषाणू त्यांच्या लाळेत अधिक वेळा सापडला होता. एकीकडे प्रतिसाद मंद, दुसरीकडे तो बेलगाम. दोन्ही बातम्या एकाच घरातून येऊ शकतात.

असं का व्हावं, याबद्दल कोल यांचा एक तर्क आहे. कळपात राहणाऱ्या पूर्वजाला धोका विषाणूंचा, कारण ते अंगाला अंग लागून पसरतात. कळपापासून तुटलेल्याला धोका जखमेचा. एकट्याला श्वापद गाठणार, दुसरा माणूस गाठणार, जखमेतून जिवाणू शिरणार. म्हणून एकटं पडल्याची चाहूल लागताच शरीर आपली फौज जखमेच्या बाजूला वळवतं आणि विषाणूची बाजू उघडी पडते. तर्कच आहे, सिद्धता नाही. पण खोलीत बसून कळफलक बडवणाऱ्या माझ्या शरीराने वर्षभर जंगलात एकट्या पडलेल्या कुणा बाईची तयारी करून ठेवली असेल, या कल्पनेने मला स्वतःच्या शरीराबद्दल माया वाटली. ते चुकत होतं, पण माझ्याच काळजीने चुकत होतं.

प्रत्यक्ष अंतराळातले आकडे तर थेट माझ्या पोटावरच्या पट्ट्याशी येऊन भिडतात. स्पेस शटलमधून गेलेल्या ८९ अंतराळवीरांच्या लाळेची, लघवीची तपासणी झाली. त्यांपैकी ४७ जणांमध्ये नागिणीच्या कुळातले, म्हणजे हर्पिस कुळातले विषाणू जागे होऊन बाहेर पडताना आढळले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर लांब मुक्काम केलेल्या २३ पैकी १४ जणांत. मुक्काम लांबला तसं प्रमाण वाढलेलं. बहुतेकांना काही त्रास झाला नाही. तरी तो कांजिण्यांचा विषाणूही त्यांच्यात होता. लहानपणी घरात कुठे तरी अंथरुणावर पडून कांजिण्या काढलेली ती मुलं, मोठी होऊन पृथ्वीभोवती फिरत होती आणि त्यांच्या कण्यापाशी बसलेला तो जुना पाहुणाही त्यांच्याबरोबर फिरत होता.

आणखी एक बाजू आहे, ती मी घाईने सांगते कारण तिच्याबद्दल माझं वाचन कमी आहे. माणसं एकमेकांना नुसते रोगजंतू देत नाहीत. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यांत, त्वचेवर सारख्या जातीचे जिवाणू आढळतात. स्पर्श, हवा, एकत्र खाणं यांतून ते इकडून तिकडे जातात. प्रतिकार यंत्रणेचं भान घडतं ते या रोजच्या, निरुपद्रवी ओळखींमधून. बंद यानात नवी ओळख कुठून येणार? गाळून घेतलेली हवा, पुसून काढलेले पृष्ठभाग, तेच सहाजण. पाठ झालेला धडा पुन्हा पुन्हा.

अजूनही अशी दारं बंद होतात. अंटार्क्टिकातल्या फ्रान्स-इटलीच्या काँकॉर्डिया ठाण्यावर, समुद्रसपाटीपासून ३,२३३ मीटरवर, दर हिवाळ्यात डझन-दीड डझन माणसं महिनोन्महिने जगापासून तुटून राहतात. तिथे हवाही विरळ, त्यामुळे तिथल्या रक्तातली गुंतागुंत आणखी वेगळी. ह्यूस्टनला नासाने थ्री-डी प्रिंटरने छापून उभारलेल्या एका घरात चारजण ३७८ दिवस राहिले आणि ६ जुलै २०२४ ला बाहेर आले. दरवेळी रक्त घेतलं जातं, लाळ घेतली जाते, कुणी तरी नळीकडे बघत राहतं. मंगळावर माणूस जाईल की नाही याबद्दल मला फारशी उत्सुकता नाही, हे मी मान्य करते. पण या लोकांनी स्वतःहून दार लावून घेतलं आणि आतून आपलं रक्त बाहेर पाठवत राहिले, त्यामुळे दार न लावताही बंद झालेल्या माझ्यासारख्यांबद्दल काही तरी कळलं. हे ऋण मोठं आहे.

फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले. दुखणं त्यानंतरही रेंगाळलं. कधी रात्री त्याच रेषेवरून वीज गेल्यासारखी कळ यायची. मी झोपेची वेळ मागे आणली. रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागले. सुरुवातीला चालण्यासाठी, मग बाकावर बसणाऱ्या दोन आजींशी बोलण्यासाठी. यातल्या कशामुळे काय झालं, ते मी सांगू शकत नाही. माझं रक्त कुणी नळीत घालून बघितलेलं नाही.

फोडांची शेवटची खपली पडून महिना झाला तेव्हा ताईचा फोन आला. "येऊ का गं दोन दिवस? पण चिमणीला सर्दी झालीय. तू आत्ताच आजारातून उठलीयेस. पुढच्या आठवड्यात येते हवं तर."

"आजच ये," मी म्हटलं.

भाची आली ती शिंकतच. वर्षभरात ती दोन इंच उंच झाली होती. पहिली दहा मिनिटं ती ताईच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग सगळं विसरून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि चित्रांचं पुस्तक उघडून मला वाचायला लावलं. वाचता वाचता तिने आपलं नाक माझ्या बाहीला पुसलं. ताई ओरडली. मी बाही तशीच राहू दिली.

त्या परत जायच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती घसा खवखवून. नाक बंद, डोकं जड, डोळ्यांतून पाणी. वर्षभरातली पहिली सर्दी. मी पडूनच होते. तेवढ्यात दाराच्या फटीतून एक डोळा दिसला.

"मावशी, तू शिंकलीस?"

"हो गं."

"माझ्यासारखी?"

"अगदी तुझ्यासारखी."

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग दार पूर्ण उघडून आत आली.